नवखा वाचणार आहे, असं धरून लिहा

सानगडीच्या शिवारात उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस आले की मोटारी जळण्याचेही दिवस येतात. गेलेली लाइन परत आली की ऑटो स्विचवर लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज खाली बसतं, मोटार फिरण्याऐवजी नुसती गुणगुणत राहते आणि वाइंडिंग करपतं. यावरचा एक उपाय इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा कुणीही सांगेल. लाइन आल्यावर मोटार लगेच सुरू करायची नाही, मिनिट-दीड मिनिट थांबायचं, आणि शेजारच्या शेतातल्या मोटारीने त्याहून वेगळा वेळ थांबायचं. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, एक कम्पॅरेटर आणि एक रिले, एवढ्यात काम भागतं.

आज साकोली-भंडाऱ्याकडच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या मुलाने हे सर्किट करायला घेतलं, तर बरंचसं काम तो एआय एजंटवर सोपवेल अशी शक्यता आहे. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारा चॅटबॉट नव्हे. तो सर्किटचं वर्णन, म्हणजे नेटलिस्ट, स्वतः लिहितो, सिम्युलेटर चालवतो, आलेला निकाल वाचतो, आकडे बदलतो आणि पुन्हा चालवतो. माणूस माउस घेऊन जे करायचा ते हा कमांड देऊन करतो. यात सिम्युलेटर जुनाच असतो, पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, आखायचं सॉफ्टवेअरही जुनंच असतं. बदलतो तो वापरणारा. आणि वापरणारा बदलला की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: हे अवजार कसं चालतं, कुठे फसवतं आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हे कुठे लिहून ठेवलं आहे का?

आपल्या सर्किटपुरतं पाहू. शंभर सेकंदांचा उशीर हवा असेल तर १ मेगओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हा हिशेब तोंडी होतो. नेटलिस्टमध्ये रेझिस्टरच्या ओळीवर '१ एम' लिहिलं आणि एनजीस्पाइस हा मुक्त सिम्युलेटर चालवला, तर तो ते १ मिलिओहम असं वाचतो. मेगसाठी 'एमईजी' अशी तीन अक्षरं लागतात. दहा लाख ओहमच्या जागी ओहमचा हजारावा भाग गेला, आणि शंभर सेकंदांचा उशीर ०.१ मायक्रोसेकंदावर आला. सिम्युलेटर ओरडत नाही, इशारा देत नाही. शांतपणे आलेख काढून देतो.

याचं कारण इतिहासात आहे. एनजीस्पाइसचा पूर्वज स्पाइस हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लॅरी नेगल यांनी घडवला आणि १९७३ मध्ये जगापुढे आला. तेव्हा प्रोग्राम पंच कार्डांवर जायचा आणि कार्डांवर इंग्रजी मोठी अक्षरंच असायची. मोठा एम आणि छोटा एम असा भेद करायची सोयच नव्हती. म्हणून एम म्हणजे मिलि ठरलं आणि मेगला वेगळं नाव मिळालं. त्याच परंपरेतून फाइलची पहिली ओळ नेहमी शीर्षक धरली जाते. पहिल्याच ओळीवर तुम्ही रेझिस्टर लिहिलात तर तो सर्किटमध्ये येतच नाही. कपॅसिटरपुढे '१ एफ' लिहिलं तर ते एक फॅरड होत नाही, एक फेम्टोफॅरड होतं, म्हणजे फॅरडला एकावर पंधरा शून्यं एवढ्या संख्येने भागल्यावर उरेल तेवढं. कार्डं गेली, पन्नास वर्षं लोटली, पण संकेत राहिले. जगभरच्या जुन्या नेटलिस्ट त्यावर उभ्या असल्यामुळे ते बदलणं परवडणारंही नाही.

अनुभवी माणसाला हे ठाऊक असतं, कारण त्याला एकदा ठेच लागलेली असते किंवा प्रयोगशाळेत शेजारी बसलेल्या कुणी तरी सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्येही ते असतं, पण शेकडो पानांच्या मॅन्युअलमध्ये एका तक्त्याखालच्या टिपेत. एजंटने ते कधी तरी वाचलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. पण ऐन लिहिताना त्याच्या हातून सर्वसाधारण लेखनातला 'एम' उतरण्याचीही शक्यता असतेच. म्हणून अवजारासोबत दिलेल्या पहिल्या पानावर, पहिल्या पाच ओळींत हे असायला हवं. अवजार चुकलं की मोठ्याने सांगतं त्या गोष्टी लिहिण्याची घाई नाही. अवजार गप्प राहून चुकतं त्या आधी लिहायच्या. एजंटसाठी दस्तऐवज कसा असावा याचा पहिला नियम मी हा मानतो.

अवजार गप्प राहून फसवतं अशी दुसरी जागा तपासणीची. पीसीबीसाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कीकॅड. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे ज्याँ-पिएर शारास यांनी ते सुरू केलं. २०२४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून बोर्डाची नियम-तपासणी, म्हणजे डीआरसी, कमांडने करता येते. ही कमांड बोर्डात चुका सापडल्या तरी स्वतः नीट पार पडली तर शून्य हा परतीचा आकडा देते. संगणकाच्या जगात शून्याचा रूढ अर्थ 'काम फत्ते'. तपासणीचं काम फत्ते झालं हे खरंच आहे, फक्त बोर्ड नापास आहे. चुका असल्यास वेगळा आकडा मिळावा यासाठी एक खास पर्याय सोबत द्यावा लागतो. तो दिला की चुका असताना पाच हा आकडा येतो. माणूस पडद्यावरचा अहवाल वाचतो, त्याला लाल बाण दिसतात. एजंट आधी आकडा पाहतो. तो पर्याय त्याला ठाऊक नसेल आणि आकड्यापलीकडचं काही त्याने वाचलं नाही, तर तो विद्यार्थ्याला सांगेल की बोर्ड तपासला, सगळं ठीक आहे. यात खोटं कुणीच बोललेलं नाही, आणि तरी मुलगा चुकीचा बोर्ड छापायला पाठवेल. छपाई एकदा सुरू झाली की ऑर्डर परत घेता येत नाही, पैसे जातात. कुठली कृती मागे घेता येते आणि कुठली येत नाही, हेही म्हणून लिहायलाच हवं.

तिसरी जागा सगळ्यात अवघड. समजा एमईजी बरोबर लिहिलं, सिम्युलेशन चोख झालं, शंभर सेकंदांनी रिले लागला. आता हेच सर्किट प्रत्यक्ष जोडा. शंभर मायक्रोफॅरड म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आला, आणि तो थोडा करंट गळू देतो. बारा व्होल्टचा पुरवठा धरला तर शंभराव्या सेकंदाला कपॅसिटरवर साधारण ७.६ व्होल्ट असायला हवेत. त्या क्षणी रेझिस्टरवर उरतात ४.४ व्होल्ट, म्हणजे १ मेगओहममधून जेमतेम ४.४ मायक्रोअँपिअर वाहतात. कपॅसिटरची गळती याहून जास्त असेल तर तो तिथपर्यंत कधी चढणारच नाही. उत्पादकांच्या डेटाशीटमध्ये २५ व्होल्टच्या अशा कपॅसिटरला २५ मायक्रोअँपिअरपर्यंत गळती चालेल असं अनेकदा लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, पण तापमान वाढलं की वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात विहिरीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत काय होईल ते सांगायला नको. सिम्युलेटरमधला कपॅसिटर मात्र आदर्श. गळती तुम्ही वेगळी मांडल्याशिवाय तो गळत नाही.

मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ही गोष्ट सूत्रात मांडता येईलच असं नाही, पण तो म्हणेल, "भाऊ, टायमरला एवढा मोठा रेझिस्टर लावू नका, उन्हाळ्यात रिलेच लागत नाही." हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो सॉफ्टवेअरचा विषय नाही, आणि डेटाशीट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्किटचा विषय आहे. दोघांच्या मध्ये पडलेलं हे ज्ञान लिहून ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. एजंट नेमका या मधल्या जागेत काम करतो.

सॉफ्टवेअरला एजंट जोडण्याची तांत्रिक सोय आता झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला संकेत जाहीर केला. त्यात प्रत्येक अवजाराचं नाव, त्याला काय द्यायचं याचा साचा आणि ते काय करतं याचं साध्या भाषेतलं वर्णन एजंटपुढे ठेवलं जातं. साचा यंत्र तपासू शकतं. वर्णन मात्र कुणी तरी माणसाने लिहायचं असतं, आणि सगळं तिथेच अडतं. 'हे सर्किट सिम्युलेट करतं' एवढंच वर्णन दिलं, तर मेगचा, परतीच्या आकड्याचा आणि गळतीचा, तिन्ही प्रश्न होते तिथेच राहतात. तार जोडली म्हणजे समज जोडली असं होत नाही.

मग हे कसं लिहायचं? याचं एक चांगलं उत्तर महाराष्ट्रातच तयार झालेलं आहे, आणि तेही असे एजंट आलेले नव्हते तेव्हा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या मदतीने दोन प्रकल्प उभे राहिले, स्पोकन ट्युटोरियल आणि फॉसी. फॉसीने सर्किट डिझाइनसाठी ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केलं. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. आकृती काढायला कीकॅड आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस, अशी आधीची मुक्त अवजारं त्यात एकत्र बांधली आहेत. महागडं व्यापारी सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या कॉलेजांसाठी हा मोठाच आधार होता. स्पोकन ट्युटोरियलचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तर मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात.

मला महत्त्वाची वाटते ती या धड्यांमागची शिस्त. धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते. एकात पडद्यावर काय दिसतं, दुसऱ्यात काय बोलायचं. धडा प्रसिद्ध होण्याआधी तो विषयाच्या जाणकाराकडे तर जातोच, शिवाय नवख्याकडेही जातो. विषय न येणारा माणूस संहिता समोर ठेवून एकेक पायरी करून पाहतो आणि जिथे अडतो तिथे खूण करतो. जाणकाराला जे 'उघडच' वाटतं ते गाळलेलं असतं, आणि ते फक्त नवख्यालाच सापडतं. शेजारी मास्तर नाही, प्रश्न विचारायला कुणी नाही, तरी मुलगा शिकला पाहिजे, या अटीवर हे धडे घडवले गेले.

एजंट हा असाच नवखा आहे, आणि तो कायमचा नवखा आहे. काल तुमच्या सर्किटमध्ये त्याला जे उमगलं ते आज नव्या सत्रात त्याच्यापाशी असेलच असं नाही. लिहून ठेवलं असेल तर ते वाचून तो पुढे जातो, नसेल तर पुन्हा तिथेच आपटतो. वाचलेलं त्याच्याकडे अफाट आहे, पण हातातल्या आवृत्तीविषयी खात्री नाही. कीकॅडच्या सहाव्या आवृत्तीपासून आकृतीच्या फाइलची बांधणी पार बदलली. जुन्या आणि नव्या दोन्ही बांधण्यांबद्दल वाचलेला एजंट त्यांची सरमिसळ सहज करू शकतो. म्हणून नवख्याची तपासणी इथेही लागते: दस्तऐवज एजंटच्या हाती द्यायचा, एक ठरलेलं सर्किट करायला सांगायचं, तो अडला किंवा गप्प चुकला की दस्तऐवज दुरुस्त करायचा. त्या चुकीचं खापर प्रत्येक वेळी एजंटवर फोडणं सोपं आहे. पण त्याच जागी उद्या पवनीचा किंवा लाखांदूरचा विद्यार्थी अडणार असतो.

आपल्या भागाला या बाबतीत एक जुना धडा मिळालेला आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्वीच्या काळी कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नवेगावबांधसारखे प्रचंड आणि गावोगावच्या बोड्यांसारखे लहानही. मालगुजारीच्या काळात पाण्यावरचे आणि जंगलावरचे गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदवले गेले. पुढे निस्तार पत्रकं आली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ही दोन्ही नावं टिकून आहेत. म्हणजे या मुलखात लेखी नोंद कमी नव्हती. पण त्या नोंदीत हक्क होते, कुणाला पाणी मिळेल हे होतं. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड, कधी उघडायचं, पाळ कुठे कच्ची आहे, कमी पावसाच्या वर्षी आधी कुठले बांध भरायचे, ही समज पाणी वाटणाऱ्या माणसांच्या डोक्यात होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. कागद हस्तांतरित झाला, समज झाली नाही. तलाव गाळाने भरण्याची कारणं अनेक आहेत, पण हे त्यातलं एक आहे असं मला वाटतं. कुठल्याही अवजाराच्या दस्तऐवजात 'काय करता येतं' याची यादी असते. 'कधी करू नये' हे नसेल, तर तो दस्तऐवज हक्कनोंदीपुरताच राहतो.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की एजंट दिवसेंदिवस हुशार होत आहेत, उद्या ते अवजाराचा मूळ कोड वाचूनच सगळं समजून घेतील, मग लिहायची कटकट कशाला? कोड वाचून एम म्हणजे मिलि हे नक्कीच कळेल. पण कोड काय करतो ते सांगतो, काय करायला हवं होतं ते सांगत नाही. डीआरसीने शून्य द्यावा हा हेतू आहे की चूक, हे कोडमध्ये दिसत नाही. आणि पत्र्याच्या पेटीतल्या कपॅसिटरची गळती तर कुठल्याच कोडमध्ये नाही. शिवाय सगळ्याच अवजारांचा कोड खुला नसतो. चिप डिझाइनची मोठी व्यापारी अवजारं आणि त्यांची मॅन्युअलं परवान्याच्या कुलपाआड असतात. चिप कारखान्यांचे नियम-तपशीलही गोपनीयतेच्या करारांत असायचे. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे तपशील खुले केले, तेव्हा कुठे करारावर सही न करता ते वाचण्याची वाट कॉलेजच्या मुलांना मोकळी झाली. उघड लिहिलेल्या ज्ञानाचा फायदा एजंटला होतो, तसाच साधन नसलेल्या माणसाला होतो. हा योगायोग नाही. दोघांचीही अडचण एकच आहे: विचारायला ओळखीचं कुणी नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. यंत्रासाठी लिहायला लागलो की लिखाण हुकमी होतं. 'हे करा, ते करू नका, हा पर्याय नेहमी द्या.' असं लिखाण एजंट निमूटपणे पाळतो आणि मुलगा त्या कामाच्या शेजारी बसून काहीच शिकत नाही. वाइंडिंग करणाऱ्याच्या हाताखाली राबून पोरगं जे शिकायचं, ते एजंटच्या पाठीमागे बसून शिकेलच असं नाही. हे मला मान्य आहे. पण याचा इलाज न लिहिणं हा नाही, कारणासकट लिहिणं हा आहे. 'एमईजी वापरा' एवढं लिहिलं तर हुकूम. 'एम म्हणजे मिलि, कारण पंच कार्डांवर लहान अक्षरं नव्हती' असं लिहिलं तर ते मुलाच्या लक्षात राहतं, आणि एजंटलाही नियम नव्या जागी लावता येतो. 'टायमरचा रेझिस्टर मोठा नको' यापेक्षा 'कपॅसिटरची गळती रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटपेक्षा बरीच कमी हवी' हे जास्त दूर जातं. कारण लिहिलं की वाचणारा कोण, हा प्रश्न मागे पडतो.

तिसरा प्रश्न भाषेचा. कमांडची नावं इंग्रजीच राहणार आणि त्यात हरकत नाही. पण परिस्थितीची नोंद, म्हणजे इथे लाइन कशी येते, व्होल्टेज किती पडतं, विजा किती कोसळतात, साकोलीच्या दुकानात कुठला रिले मिळतो आणि कुठला नागपूरहून आणावा लागतो, ही मराठीतच लिहिली जाईल, नाही तर लिहिलीच जाणार नाही. आजची मॉडेलं मराठी वाचतात. ही नोंद करू शकणारा कारागीर इंग्रजीत लिहायला बसणार नाही, आणि त्याच्या वतीने इंग्रजीत लिहिणाऱ्याला ती गोष्ट पुरती माहीत नसते. एजंटसमोर अशी नोंद नसली तर तो पाठ्यपुस्तकातले स्थिर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरून सर्किट करून देईल. गणित बिनचूक येईल आणि मोटार जळेल.

म्हणून माझी मागणी मोठी योजना आखा अशी नाही. पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतोच. त्याचा अहवाल कडक पुठ्ठ्यात बांधून कपाटात जातो. त्यात प्रस्तावना असते, ब्लॉक डायग्राम असतो, निष्कर्ष असतो. सर्किट कुठे फसलं हे मात्र नसतं, कारण फसण्याला गुण नसतात. फॉसीने विद्यार्थ्यांकडून सर्किटं सिम्युलेट करून घेऊन ती सर्वांसाठी खुली ठेवायला केव्हाच सुरुवात केली आहे. त्याला पुढची जोड द्यावी. अहवालासोबत चालणारी नेटलिस्ट, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, अवजार जिथे गप्प राहून चुकलं त्या जागांची कारणासकट यादी, आणि प्रत्यक्ष जोडल्यावर सिम्युलेशनपेक्षा काय वेगळं झालं त्याचं एक पान. गुण देण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या एका नवख्या मुलाने ते पान वाचून सर्किट करून पाहावं, आणि एका एजंटनेही. दोघांना जमलं तर प्रोजेक्ट पास. जमलं नाही तर ते का जमलं नाही, हे त्याच पानावर लिहून घ्यावं.